रोटरी बफरला पॅड कुठल्या मापाचा घ्यायचा? ३, ५, ६ की ८ इंच?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. गेल्या महिन्यात रोटरी पॉलिशर घेतलं, म्हणजे पॅड फिरवून गाडीच्या रंगाला चकाकी आणायचं बफर मशीन. १२०० वॅट, मिनिटाला ६०० ते ३००० फेरे. सोबत पॅड चिकटवायची ७ इंची वेल्क्रोची प्लेट आणि ८ इंची लोकरीचा एक पॅड आला.

गाडी बाबांची. २०१४ची सेडान, गडद निळी. इतकी वर्षं बाबा ती रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसत आलेत. मायेनंच पुसायचे, पण आमच्याकडची तांबडी धूळ कशी असते ते इकडच्यांना सांगायला नको, तिच्यात बारीक रेव असतेच. आता गाडी उन्हात उभी केली की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. खंडेनवमीला गाडीची पूजा असते. त्याआधी ती स्वतःच्या हातानं उजळून त्यांच्यासमोर उभी करायची, एवढं मनात आहे.

अडलंय ते पॅडच्या मापावर. बेळगावात रविवार पेठेत विचारलं तर एक जण म्हणाला, "८ इंचीच घ्या, सगळे तोच नेतात." दुसऱ्यानं ३ इंची हातात दिला. ऑनलाइन बघितलं तर ५, साडेपाच, ६, साडेसहा, ७, सगळंच. भंगारातून एक जुनं दार आणून त्यावर ८ इंची चालवून बघितला. मधल्या सपाट भागावर छान चालला, पण हँडलजवळ गेला की मशीन हातातून उडी मारायला बघतंय.

नक्की कुठल्या मापाचे, किती पॅड घेऊ? आणि प्लेटही बदलावी लागेल का?

निपाणीकर पेंटर

राम राम. मी हायवेच्या कडेला वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय. ट्रक, टेम्पो, बोलेरो, इनोव्हा. पहिल्या दिवसापासून हातात ८ इंची लोकर. ट्रकच्या केबिनचं दार, इनोव्हाचं टप असल्या कामाला दुसरं माप नाही. एका फेऱ्यात हातभर पट्टा निघतो. छोटा पॅड घेऊन बसलात तर बॉनेटवरच संध्याकाळ होईल बघा.

मिळालाय तोच वापरा की. हात बसायला वेळ लागतो, तो द्या. फक्त कडेच्या दोन इंच अलीकडं थांबायचं, आणि हँडल, आरसा, डिकीचं कुलूप यांच्याजवळ न्यायचाच नाही. तिथं हातानं घासायचं.

लेथवाला, उद्यमबाग

पेंटरमामांचं ट्रकच्या बाबतीत बरोबर आहे. पण मलप्रभाकाठ यांची गाडी सेडान आहे आणि हात नवा आहे, म्हणून थोडं हिशेबानं बोलतो. मी लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनवर काम करतो. आमच्याकडं कुठलाही जॉब लावताना आधी व्यास बघतात, मग फेरे ठरवतात. बफरला लोक उलटं करतात. फेरे १५०० वर ठेवतात आणि पॅड कुठलाही लावतात.

रोटरीचा पॅड एकाच मध्याभोवती सरळ फिरतो. त्यामुळं मध्याजवळ घासणं जवळजवळ शून्य आणि कडेला सगळ्यात जास्त. ८ इंची पॅडचा परीघ साधारण ६४ सेंटिमीटर. १५०० फेऱ्यांना त्याची कड तासाला ५७ किलोमीटरच्या वेगानं पळते. ६ इंचीची ४३ च्या आसपास. ३ इंचीची २१-२२. डायल एकाच आकड्यावर, पण रंगाला लागणारा वेग जवळजवळ पावणेतीन पटीनं वेगळा. आता नवख्या माणसानं ८ इंची लावून डायल ३००० वर नेला तर कड ११५ किलोमीटरनं पळते. आपल्या हायवेवर कार जाते त्या वेगानं लोकर रंगावर घासतेय असं समजा. हँडलजवळ मशीन उडी मारतं ते ह्यामुळंच. मोठ्या पॅडची कड मध्यापासून चार इंचावर असते, ती कशात अडकली की तेवढ्या लांबीची तरफ तुमच्या मनगटाला हिसका देते.

उलट बाजूही बघा. ३ इंची पॅडचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या सातव्या हिश्शाएवढं. मशीनचं वजन तेच, हाताचा दाब तोच, पण तो सगळा तळहाताएवढ्या जागेवर. कडेचा वेग कमी असला तरी दाब एकाच ठिकाणी, म्हणून उष्णताही एकाच ठिकाणी. छोटा पॅड म्हणजे सुरक्षित, असं दुकानदार सांगतात ते अर्धंच खरं आहे.

माझं मत: मुख्य कामाला ६ इंची, बारीक जागांना ३ इंची. ८ इंची ठेवून द्या.

मलप्रभाकाठ

लेथवाले दादा, हे असं कुणीच सांगितलं नव्हतं. मग ६ इंची पॅड आताच्या ७ इंची प्लेटवर चालेल ना? वेल्क्रो तर सगळीकडं सारखंच.

वडगावकर ताई

अजिबात नको! दादा, कृपा करून ते करू नका. माझा आणि माझ्या नवऱ्याचा छोटा वॉशिंग-पॉलिशचा धंदा आहे आणि ह्याच चुकीची किंमत आम्ही मोजलीय.

सुरुवातीला आमच्याकडं ५ इंची प्लेट होती. तिच्यावर ५ इंचीच पॅड बसवून आम्ही काम करायचो. दिसायला अगदी बरोबर बसलेला. एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या दाराला काम चालू होतं. दार जिथं चाकाच्या कमानीकडं वळतं तिथं मशीन जरा तिरकं झालं. फोम दबला आणि प्लेटची कडक कड रंगाला लागली. क्षणभरच, चुटकी वाजवायला लागतो तेवढा वेळ. मशीन उचललं तर तिथं नखाच्या चंद्रकोरीएवढी मळकट खूण. बोट फिरवलं तर तिथली गुळगुळीत काच संपून खरखरीत लागलं. पॅड उलटा केला तर त्याच्या कडेवर गाडीचा पांढरा रंग. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, गेला होता. अख्खं दार रंगवून द्यावं लागलं, आणि त्या गिऱ्हाइकाचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून नियम असा. प्लेट पॅडपेक्षा लहानच हवी. चारही बाजूंनी पॅड प्लेटच्या बाहेर दोन ते चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आलाच पाहिजे. ६ इंची पॅडला ५ इंची प्लेट, ३ इंचीला २ इंची प्लेट. तुमच्या ८ इंचीला ७ इंची प्लेट आहे ती बरोबर आहे, पण ती त्याच्यासाठीच.

आणि प्लेट फार लहान असली तरी त्रास. ६ इंची फोमला ३ इंची प्लेट लावली तर कडा फडफडतात, पॅड मध्ये घुमटासारखा फुगतो, दाब फक्त मधोमध पडतो आणि फोम लवकर फाटतो.

लेथवाला, उद्यमबाग

ताईंनी फार महत्त्वाचं सांगितलं. जोडीला एक: पाकिटावरचं माप बघून विकत घेऊ नका, पट्टी लावा. काही फोम पॅड उतरत्या कडेचे असतात, पुढून ६ इंच आणि मागची वेल्क्रोची बाजू साडेपाच. काही उलटे. कंपनीगणिक पद्धत वेगळी. रंगाचंही तसंच. एकाचा पिवळा कापायचा, म्हणजे रेघा घासून काढायचा, दुसऱ्याचा पिवळा शेवटच्या चकाकीचा. रंगावर जाऊ नका, बोटानं दाबून फोम किती कडक आहे ते बघा.

चिकोडीचा पोरगा

मी नवीन आहे, मध्येच विचारतो. माझ्याकडं ४ इंची ग्राइंडर आहे. त्याला ३ इंची पॅडची प्लेट मिळते, अडीचशे-तीनशेत काम भागेल. चालेल का? पल्सरची टाकी आणि वडिलांची वॅगनार एवढंच करायचंय.

लेथवाला, उद्यमबाग

नाही. इथं मी ठाम आहे. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो आणि बहुतेकांना वेग कमी करायची सोयच नसते. ३ इंची पॅडची कडसुद्धा त्या वेगाला तासाला दीडशे किलोमीटरच्या वर जाते. प्लेटवर तिची जास्तीत जास्त फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, ती ओलांडली की वेल्क्रो सुटतो आणि पॅड चेंडूसारखा उडतो. तोंडावर आला तर? आणि पंख्याचा रेग्युलेटर जोडून वेग कमी करायचा विचारही करू नकोस. ग्राइंडर एवढा करंट खेचतो की रेग्युलेटर जळायचा.

टाकीला हातानं लाव रे. फोमचा हातातला ठोकळा मिळतो, त्यावर पॉलिश घेऊन तासभर बसलास तर टाकी आरशासारखी होते.

आता आट्यांचं. इथं पुष्कळांची फसगत होते. आपल्याकडच्या मोठ्या पॉलिशरचा स्पिंडल, म्हणजे प्लेट चढवायची फिरती दांडी, एम १४, म्हणजे १४ मिलिमीटर व्यास आणि २ मिलिमीटरचा आटा. लहान ग्राइंडरचा सहसा एम १०. आणि अमेरिकेतल्या मशीनचा पाच सूत, इंचाला ११ आटे. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या प्लेटी बऱ्याचदा ह्या तिसऱ्या जातीच्या असतात. ती एम १४ वर चढल्यासारखी वाटते, पण डुगडुगते. पाच सूत म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर, पकड कशी बसणार? माझ्याकडं असल्या तीन प्लेटी लोक घेऊन आले, "आटे जरा आवळून द्या" म्हणून. आवळता येत नाहीत. त्यांचा बुश, म्हणजे मधला आट्यांचा तुकडा, नवीन करून द्यावा लागतो, आणि तो मध्याला धरूनच झाला पाहिजे. केसभर जरी सरकला तरी १५०० फेऱ्यांना मशीन थरथरतं, मनगटं दुखतात आणि रंगावर लाटा उठतात.

पॅड प्लेटवर बसवतानाही तेच. मधोमध बसला की नाही बघायला मी पॅड लावतो, मशीन ६०० वर हवेत फिरवतो आणि कडेजवळ बोट न लावता नुसतं बघतो. कड एका जागी स्थिर दिसली तर मध्याला आहे. दुहेरी दिसली तर काढून परत लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

चिकोडीचा पोरगा

ठीक आहे दादा, ग्राइंडर बाजूला ठेवला.

निपाणीकर पेंटर

ताईंनी पॅडला रंग लागल्याचं लिहिलंय त्यावर थोडं सांगतो, नाहीतर नवीन पोरं उगीच घाबरतील. ट्रकला, जुन्या जीपला, ट्रॅक्टरला सहसा साधा एकेरी रंग असतो, वर क्लिअर नसतो. त्याला पॉलिश केलं की पॅड रंगतोच, लाल ट्रॅक्टरचा पॅड लालच होणार. ते काही बिघडल्याचं लक्षण नाही. पण क्लिअरवाल्या गाडीला पॅडवर रंग दिसला की तिथंच थांबायचं.

खात्री कशी करायची? आधी लपल्या जागी पांढऱ्या फडक्याला जरा पॉलिश लावून हातानं चोळायचं. फडकं गाडीच्या रंगाचं झालं तर एकेरी, नुसतं मळकट झालं तर वर क्लिअर आहे.

अजून एक. गाडी कुठं कुठं आधी रंगवलीय ते विचारून घ्या. आमच्याकडं डेंटिंगला आलेल्या गाडीचा एखादा भाग पुट्टीचा असतो, तिथं जाडी वेगळी, रंगाचा कडकपणा वेगळा. बाहेर रंगवलेला क्लिअर बऱ्याचदा मऊ असतो, ८ इंची लोकरीनं त्यात नवे भोवरे, म्हणजे गोल रेघा पडतात. हे मी मान्य करतो.

मलप्रभाकाठ

मामा, डावं मागचं दार एकदा रंगवून घेतलंय. जांबोटीच्या वळणावर दुधाच्या टेम्पोनं घासलं होतं. मग त्या दाराला वेगळा पॅड लागेल का?

आणि लेथवाले दादांच्या हिशेबानं ३ इंचीला ६ इंचीएवढा कडेचा वेग हवा तर डायल ३००० वर न्यावा लागेल. तसं करायचं का?

वडगावकर ताई

दाराला वेगळं माप नको. तोच ६ इंची फोम, पण मऊ, आणि पॉलिश बारीक. आधी हातभर जागेत करून बघा.

३००० बद्दल: कागदावर हिशेब बरोबर येतो, पण आम्ही ३ इंचीला १८०० ते २२०० च्या वर जात नाही. छोट्या पॅडची उष्णता एका जागी साठते हे दादांनी वरच लिहिलंय. कडेचा वेग थोडा कमी पडला तर दोन पट्टे जास्त मारा. ६ इंचीला आमची पद्धत: पॉलिश पसरायला ६०० ते ८००, काम करायला १२०० ते १५००, शेवटचा हात १००० च्या आसपास. ८ इंची लावलात तर ११०० पुरे.

हात हेच खरं थर्मामीटर. एक पट्टा झाला की तळहाताची मागची बाजू पत्र्याला लावायची. कोमट लागला तर चालू द्या. हात ठेवून पाच मोजता येत नसतील तर दुसरीकडं जा. आणि बंपरला अर्ध्याच वेळात थांबायचं. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती धरून ठेवतं. बंपर वरून गार वाटतो तोवर रंगाला फोड आलेला असतो. रंगाची जाडी मोजायचं साधं मीटरही प्लास्टिकवर चालत नाही, म्हणजे किती शिल्लक आहे ते त्यानं कळत नाही.

जाडीवरून सांगते. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात, त्यातला वरचा क्लिअर ३५ ते ५०. डोक्याचा केससुद्धा सहसा ह्या क्लिअरहून जाड असतो. आणि जिथं पत्रा दुमडलेला असतो, बॉनेटच्या मधल्या उठावावर, दाराच्या कडेला, तिथं तर त्याहून पातळ, कारण ओला रंग धारेवरून ओघळतो. म्हणून मी आजही पहिल्यांदा पेपर टेप घेते. उठावाच्या रेघा, रबराच्या पट्ट्या, दिव्यांच्या कडा, सगळं टेपनं झाकते. मगच मशीनला हात.

घटप्रभा ते गोवा

मी मूळचा गोकाकचा, कामाच्या निमित्तानं इकडं तिकडं असतो. चिकोडीत एका मेस्त्रींच्या हाताखाली तीन वर्षं काढली. मेस्त्री कन्नड बोलायचे, मला तेव्हा कन्नड जेमतेम. ते माझ्या हातावर हात ठेवायचे आणि "निधान, निधान" म्हणायचे. सावकाश, सावकाश. मशीन सेकंदाला इंच-दीड इंचानं सरकलं पाहिजे, त्याहून जोरात नाही. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट वर कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

कडेजवळ काम करताना फिरणारा पॅड कडेवरून बाहेर निसटला पाहिजे. बाहेरून आत कडेवर आदळता कामा नये. आपलं मशीन मागून बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरतं. म्हणजे बॉनेटच्या कुठल्या कडेला पॅडची कुठली बाजू टेकवायची हे दर वेळी थांबून बघावं लागतं. आदळला तर दोन गोष्टी होतात. कडेचा पातळ रंग खरवडतो आणि पॅड फाटतो. पॅड मोठा तेवढा हा फटका जोरात, म्हणून कडांना ३ इंचीच.

पॅड किती घ्यायचे ह्याचंही उत्तर कुणी दिलं नाही. एका मापाचा एक पॅड घेऊन अख्खी गाडी होत नाही. फोम पॉलिश पितो, गरम होतो, मऊ पडतो. सेडानला ६ इंचीचे कापायचे दोन, शेवटच्या हाताचे दोन. ३ इंचीचा प्रत्येकी एक. ज्या पॅडला एकदा खरखरीत कंपाउंड, म्हणजे रेघा कापायचं पॉलिश लागलं तो नंतर शेवटच्या हाताला कधीच घ्यायचा नाही, कितीही धुतला तरी. प्रत्येक पट्ट्यानंतर ताठ ब्रशनं पॅड झाडायचा. वाळलेलं पॉलिश पॅडवर खडा होऊन बसतं आणि आपणच काढलेल्या रेघा परत पाडतं.

लोकरीबद्दल: लोकर फोमपेक्षा जास्त कापते आणि तरी कमी तापते, तंतूंमधून हवा खेळते म्हणून. पण मागे धुरकटपणा सोडते. गडद निळ्यावर तो फार दिसेल. रेघा खोल नसतील तर लोकर लावूच नका.

लेथवाला, उद्यमबाग

कडेचा मुद्दा सोन्यासारखा आहे. मलप्रभाकाठ, तो जुन्या दारावर आधी करून बघा.

विजेचंही बघा. खानापूरकडं संध्याकाळी दाब उतरतो. साध्या मशीनला दाब कमी मिळाला की टेकवल्यावर फेरे पडतात, माणूस डायल वाढवतो, आणि दाब परत आला की मशीन एकदम सुटतं. सकाळी काम करा. लांबची वायर ओढायची असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर १२०० वॅटचं मशीन चालवू नका. आणि वायर खांद्यावरून पाठीमागं टाका, फिरत्या पॅडखाली आली तर गुंडाळली जाते.

मलप्रभाकाठ

मंडळी, पंधरा दिवसांनी येतोय. सगळं सविस्तर सांगतो.

घेतलं काय: ५ इंची प्लेट एम १४ आट्यांची, ६ इंचीचे चार फोम, २ इंची प्लेट आणि ३ इंचीचे दोन. पट्टी घेऊनच दुकानात गेलो. एका पाकिटावर ६ इंच लिहिलेला पॅड मागून सव्वापाचच भरला, तो परत केला. ५ इंची प्लेटला चारही बाजूंनी एकेक सूतच उरत होतं.

तीन सकाळ जुन्या दारावर काढल्या. पहिल्या दिवशी कडेवर उलट्या बाजूनं पॅड टेकवला आणि घटप्रभादादांनी लिहिलंय ते हाताला कळलं, फटका कोपरापर्यंत आला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक कडेला मशीन बंद ठेवून आधी बोटानं दिशा दाखवायची आणि मगच चालू करायचं, अशी सवय लावली.

गाडी दोनदा धुतली. दाराच्या खालच्या पट्टीतून इतकी तांबडी माती निघाली की दुसरी बादलीही लाल झाली. चिकणमातीच्या ठोकळ्यासारखी क्ले मिळते, ती साबणाच्या पाण्यावर फिरवली. मग टेप.

बॉनेट ६ इंचीनं, १२०० वर, दीड-दीड फुटाचे चौकोन करून. पहिल्या चौकोनानंतर बॅटरी धरली. अर्धं बॉनेट जाळ्याचं, अर्धं स्वच्छ, मध्ये टेपची सरळ रेघ. मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. हँडलच्या वाट्या, आरशांच्या मागचा भाग, मागच्या नंबरप्लेटची खाच आणि टपाचे खांब हे सगळं ३ इंचीनं, १८०० वर. टपाला ६ इंचीच. टप मोठं आहे, तिथं ८ इंचीचा मोह झाला होता, पण मन आवरलं.

डावं दार मऊ निघालं, मामा म्हणाले तसंच. कापायचा पॅड लावलाच नाही, फक्त शेवटच्या हाताचा.

एक गोष्ट नीट झाली नाही ती विचारतो. सावलीत गाडी सुंदर दिसते, पण उन्हात बॉनेटवर पॅडच्या वाटेनं हलणाऱ्या पुसट सावल्या दिसतात, धनुष्यासारख्या. मापामुळं का?

घटप्रभा ते गोवा

ते होलोग्राम. मापामुळं नाही. रोटरी एकाच दिशेनं फिरतं म्हणून ते तिच्या मागं राहतातच, शेवटचा हात पूर्ण झाला नाही तर. तोच ६ इंची मऊ पॅड धुऊन वाळवून घ्या, बारीक पॉलिशचे वाटाण्याएवढे चार ठिपके, ९०० ते १००० फेरे, आणि शेवटच्या दोन पट्ट्यांना हाताचा दाब अजिबात नको, मशीनचं वजन पुरे. पॅड पूर्ण सपाट ठेवा. तिरका धरला की होलोग्राम आलेच. झाल्यावर पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून पुसा, म्हणजे तेलाखाली काही लपलंय का ते उन्हात कळेल.

मलप्रभाकाठ

आज सकाळी केलं. गेले. बाबांनी बॉनेटवर वाकून पाहिलं, खिशातून फडकं काढलं, आणि परत खिशात ठेवलं. म्हणाले, "आता ह्याला कशानं पुसायचं ते तू सांग." जाड मायक्रोफायबर आणि पाण्याचा फवारा आणून दिलाय.

वडगावकर ताई

वाचून फार बरं वाटलं दादा. पॅड धुतल्यावर तोंड खाली करून सावलीत वाळवा, उन्हात वेल्क्रोचा गोंद सुटतो. ३ इंचीचे आणि ६ इंचीचे वेगवेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर कंपाउंडचं नाव लिहून.

निपाणीकर पेंटर

लेथवाले, एक विचारायचं होतं. ट्रकला माझी ८ इंची सुटणार नाही. पण परवा एका इनोव्हाच्या आरशामागं हातानं घासता घासता दीड तास गेला. २ इंची प्लेट घ्यायचा विचार करतोय. माझं मशीन जुनं आहे, स्पिंडल कुठला ते माहीत नाही. मोजायचं कसं?

लेथवाला, उद्यमबाग

मामा, व्हर्नियर असेल तर आट्यांच्या बाहेरून व्यास घ्या. १४ च्या जरा आत आला तर एम १४, १६ च्या जवळ आला तर पाच सूत. पण जुन्या मशीनचे आटे झिजलेले असतात, नुसत्या मापावर भरवसा नको. गुरुवार सोडून कधीही मशीन घेऊनच या. बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटवरून उद्यमबागेत वळलात की फोन करा. प्लेट स्पिंडलवर चढवून, फिरवून बघू, आणि डुगडुगली तर बुश तिथंच करून देतो.